नवा म्हणून विकलेला, आधीच कुणाला तरी झेललेला हार्नेस

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये मी ५५ डॉलरला एक सेफ्टी हार्नेस, म्हणजे उंचावरून पडणाऱ्याला झेलणारी पट्ट्यांची जाळी, विकत घेतला. ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तो अंगावर चढवून जमिनीपासून १८ फुटांवरच्या मचाणावर मी अकरा वेळा बसलो आणि शिकारीचा हंगाम संपल्यावर मला कळले, की माझ्याकडे येण्यापूर्वीच तो कुणाच्या तरी पडण्याचा झटका खाऊन निकामी झालेला होता. माझे नुकसान ५५ डॉलरचेच झाले, म्हणून मी गप्प बसू शकलो असतो. परंतु असा माल विकणारा माणूस पैशांपेक्षा मोठी गोष्ट पणाला लावतो, आणि तीही आपली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद असल्याने साताऱ्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला तिचा काहीच सराव नव्हता. येथे मात्र पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार परवाना घेऊन, ठरलेल्या मुदतीत करता येते. धनुष्यबाणाच्या हंगामाचा पहिला टप्पा १ ऑक्टोबरला सुरू होऊन १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो आणि १५ नोव्हेंबरला बंदुकीचा सुरू होतो. कचेरीतले एक ज्येष्ठ सहकारी तीस वर्षांपासून धनुष्याने शिकार करतात. त्यांच्या वडिलोपार्जित शेताला लागून असलेल्या रानात त्यांनी मला नेले. १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना येथे परवान्यासाठी शिकार-सुरक्षेचे प्रमाणपत्र लागते, तेही मी रीतसर मिळवले.

बाणाचा नेम धरायचा तर हरीण वीस-तीस यार्डांच्या आत यावे लागते, आणि जमिनीवर बसलेल्या माणसाचा वास किंवा हालचाल त्याला एवढ्या अंतरावरून सहज कळते. म्हणून झाडाच्या खोडाला पट्ट्यांनी आवळलेल्या छोट्या लोखंडी बैठकीवर, म्हणजे ट्री स्टँडवर, तासन्‌तास बसावे लागते. आपल्याकडच्या जुन्या मचाणांवर चार माणसे मांडी घालून बसत. हे मचाण एका माणसाच्या ढुंगणाएवढे आणि पाय टेकण्यापुरते. पहाटेचा काळोख, दवाने निसरडे झालेले लोखंड, जाड कपडे, थंडीने बधिर झालेली बोटे आणि मध्येच येणारी डुलकी या सगळ्यांमुळे माणूस पडतो. हवेचा अडथळा सोडून दिला तर १८ फुटांवरून पडणारा माणूस सुमारे एका सेकंदात, ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळतो. त्यामुळे पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि दोन्ही मांड्यांना धरून ठेवणारी पट्ट्यांची जाळी, घातल्याशिवाय शिडीच्या पहिल्या पायरीवरही पाय ठेवायचा नाही, हे सहकाऱ्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले होते.

या हार्नेसच्या पाठीतून एक पट्टी निघते आणि ती डोक्याच्या उंचीला किंवा त्याहून वर झाडाला बांधलेल्या पट्ट्याला अडकवतात. बसल्यावर ती ताठ असावी, तिला ढील नसावी. कारण ढील जितकी जास्त तितके आपण जास्त पडतो आणि झटका तितका मोठा बसतो. या पट्टीचा काही भाग घडी घालून शिवलेला असतो. माणूस पडला की ते टाके एकामागून एक उसवत जातात आणि उसवताना पडण्याचा जोर खातात, म्हणून पाठीच्या कण्यावर बसणारा धक्का कमी होतो. साध्या भाषेत सांगायचे तर ती शिवण उसवण्यासाठीच घातलेली असते आणि तिला एकदाच उसवता येते. एकदा कुणाला झेलले की तो हार्नेस बाद. पट्टी वरून कितीही धडधाकट दिसली तरी ती पुन्हा वापरायची नाही, असे माहितीपुस्तकात लिहिलेले असते. न पडताही ऊन, पाऊस आणि घाम यांनी नायलॉन-पॉलिएस्टर कमजोर होते, म्हणून बहुतेक उत्पादक तयार झाल्याच्या तारखेपासून पाच वर्षांची मुदत देतात.

हे सगळे मला खरेदीपूर्वी ठाऊक होते. दुकानात चांगल्या हार्नेसची किंमत १२० डॉलर होती. धनुष्य, बाण, बूट, परवाना असा खर्च आधीच वाढलेला, त्यामुळे जुन्या-नव्या वस्तूंच्या एका ऑनलाइन बाजारात शोध घेतला. ‘नवा, एकदाही न वापरलेला, टॅगसहित’ अशी जाहिरात सापडली. फोटोत घडी घातलेला हार्नेस, त्याला लटकणारा पुठ्ठ्याचा टॅग, माहितीपुस्तक आणि खाली तपकिरी गालिचा दिसत होता. विकणाऱ्याने कळवले, की हा त्याच्या भावाने घेतला होता, पण गुडघ्याच्या दुखण्यामुळे भावाने शिकारच सोडली. बोलणे सौजन्याचे होते, उत्तरे तत्परतेने येत होती. भावाचा गुडघा ऐकून मी घासाघीससुद्धा केली नाही. पैसे मात्र बाजाराच्या यंत्रणेतून न देता, ओळखीच्या माणसाला पाठवतो तसे थेट पाठवले तर त्याची दलाली वाचेल आणि मला ६० ऐवजी ५५ डॉलरला देता येईल, असे तो म्हणाला. मी पाच डॉलर वाचवले आणि तक्रारीचा हक्क घालवला, हे तेव्हा लक्षात आले नाही.

पार्सल उघडल्यावर दोन गोष्टी खटकायला हव्या होत्या. पाठीमागच्या लेबलवर उत्पादनाची तारीख छापलेली होती आणि ती अलीकडची होती, यावर माझे समाधान झाले. परंतु त्या लेबलवरचे मॉडेलचे नाव माहितीपुस्तकातल्या नावाशी जुळत नव्हते. कंपनीने नाव बदलले असेल, असे मी स्वतःलाच समजावले. दुसरे म्हणजे टॅगचा दोरा तुटल्यावर गाठ मारून बांधलेला होता. मी मोटारींच्या सुट्या भागांची गुणवत्ता तपासतो. कारखान्यात एखाद्या पेटीवरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळला नाही तर ती संपूर्ण पेटी बाजूला काढण्याचे मला पगार मिळतात. स्वतःच्या पाठीवर बांधायच्या वस्तूला मी ती शिस्त लावली नाही.

हंगामात सुदैवाने मी पडलो नाही. हरीण दोनदा टप्प्यात आले, एकदाही बाण सोडला नाही; तो विषय वेगळा. हार्नेस धोक्याचा आहे हे शोधून काढले ते माझ्या आईने.

आई त्या वेळी आमच्याकडे आली होती. १४ नोव्हेंबरला पावसात भिजून आल्यावर मी हार्नेस तळघरात दांडीवर वाळत टाकला. दुसऱ्या दिवशी ती घडी घालायला गेली आणि मला हाक मारून म्हणाली, “अरे, हे कुणी दुरुस्त करून दिलंय का तुला?” तिने वीस वर्षे गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवून आमचे शिक्षण केले आहे. घडी घातलेल्या पट्टीवरच्या शिवणीवर बोट ठेवून तिने दाखवले, की नव्या टाक्यांच्या शेजारून रिकाम्या भोकांची एक ओळ जाते. सुई जिथून आधी गेली होती ती ती भोके. पट्टीच्या बाकीच्या शिवणी जाड, चकचकीत दोऱ्याच्या होत्या आणि हीच तेवढी बारीक, मऊ दोऱ्याची. “हा घरच्या मशीनचा टाका आहे,” ती म्हणाली, “आणि हा दोरा हाताने ओढला तरी तुटेल.” तिने खरोखरच एक टोक ओढले आणि ते तुटले.

त्यानंतर लेबल पाहिले. त्याच्या कडेच्या खालीही जुन्या लेबलचे टाके कापल्याच्या खुणा होत्या. म्हणजे कुणीतरी त्या हार्नेसमध्ये पडले होते, त्या माणसाला त्याने बहुधा वाचवलेही होते. मग उसवलेली पट्टी पुन्हा घडी घालून घरी शिवली, दुसऱ्या हार्नेसचे लेबल लावले, धुऊन वाळवले आणि नवा म्हणून मला विकला.

खात्री करण्यासाठी सहकाऱ्यांनी त्यांच्या गोठ्याच्या तुळईला ती पट्टी बांधून वाळूची ८० किलोंची पोती दोन फुटांवरून सोडली. खरी शिवण जशी टप्प्याटप्प्याने, ओढत ओढत उसवते तसे काहीच झाले नाही. घरचे टाके एका क्षणात सुटले, घडी मोकळी झाल्याने पोती तेवढी आणखी खाली गेली आणि मग एकदम अडली. तुळईतून जो आवाज आला तो ऐकून आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. पट्टी तुटली नाही हे खरे, पण तो झटका संपूर्णच्या संपूर्ण माझ्या मणक्यावर बसला असता. सहकारी एवढेच म्हणाले, “हार्नेसच्या बाबतीत मी स्वतःच्या भावावरही विश्वास ठेवणार नाही.”

विकणाऱ्याला फोटो पाठवल्यावर त्याने प्रथम वस्तू वापरलेलीच होती आणि जाहिरातीत तसे लिहिले होते असा दावा केला. जाहिरात तोवर काढून टाकलेली होती. मी तिचे छायाचित्र ठेवले नव्हते. नंतर त्याने मला ब्लॉक केले. बाजाराने उत्तर दिले, की व्यवहार त्यांच्या यंत्रणेबाहेर झाल्याने संरक्षण लागू नाही. बँक म्हणाली, की पैसे आपण स्वतःच पाठवले आहेत. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान वाद मांडता आला असता. फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे मी ऑनलाइन तक्रारी नोंदवल्या आहेत. पैसे परत येतील अशी अपेक्षा नाही; त्याच नावाविरुद्ध दुसरी तक्रार आली तर दोन्ही एकत्र दिसावीत, एवढाच हेतू.

आपल्यापैकी जे अमेरिकेत शिकारीला जाऊ लागले आहेत त्यांनी हार्नेस फक्त दुकानातून, सीलबंद पाकिटात घ्यावा आणि लेबलवरचे मॉडेल, तारीख आणि माहितीपुस्तक जुळवूनच घालावा. येथे ट्री स्टँड उत्पादकांची टीएमए नावाची संघटना आहे. तिचा सुरक्षेचा ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य आहे आणि त्याला फार वेळ लागत नाही. हंगामापूर्वी प्रत्येक शिवण बोटाखालून काढावी आणि घरात शिवणकाम येणारे कुणी असेल तर त्यांच्याही नजरेखालून घालावी. मी हे विनोदाने म्हणत नाही. सह्याद्रीत कडे चढणाऱ्या आणि रॅपलिंग करणाऱ्या मित्रांनाही वापरलेले हार्नेस आणि दोर ‘जवळजवळ नवे’ म्हणून मिळतात असे ऐकतो. तेथील पट्ट्या वेगळ्या असतात, पण दोर पूर्वी किती पडझडी झेलून आला आहे हे त्याच्याकडे पाहून कळत नाही, ही अडचण तीच आहे.

शिकारीला जाणाऱ्यांना एक गोष्ट आणखी सांगतो, कारण मी तीही उशिरा शिकलो. मचाणावर बसल्यावर अडकवायची पट्टी पुरेशी नाही. चढताना, उतरताना आणि शिडीवरून बैठकीवर पाय टाकतानाही माणूस पडतो, म्हणून जमिनीपासून वरपर्यंत बांधलेला जीवनदोर आणि त्यावर सरकणारी, झटका बसला की आवळली जाणारी प्रुसिक गाठ यांना पहिल्या पायरीपासून जोडून राहावे लागते. धनुष्य हातात घेऊन चढू नये, दोरीने मागाहून ओढून घ्यावे. आणि लटकलेच तर मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्तप्रवाह अडून थोड्या वेळात बेशुद्धी येऊ शकते, म्हणून पाय टेकवायचा छोटा पट्टा खिशात असावा आणि आपण कुठे बसलो आहोत हे घरी सांगून जावे. हा जीवनदोर मी नवा आणि दुकानातून घेतला होता, हे आता आठवून मला हसू येते. दोर नवा, आणि तो ज्याला जोडायचा तो हार्नेस उसवलेला.

हार्नेसच्या पट्ट्या मी कात्रीने कापून तुकडे केले आणि मग कचऱ्यात टाकल्या, म्हणजे कचऱ्यातून उचलून तो पुन्हा कुणाला विकता येऊ नये. घडीचा भाग आणि खोटे लेबल पुरावा म्हणून पाकिटात ठेवले आहे. नाताळच्या आसपास त्याच बाजारात दुसऱ्या नावाने एक जाहिरात दिसली. हार्नेस वेगळा होता, किंमत ५० डॉलर आणि भावाऐवजी या वेळी मेहुण्याने शिकार सोडली होती. खालचा तपकिरी गालिचा मात्र तोच. या वेळी आधी जाहिरातीचे छायाचित्र घेतले आणि मग तक्रार केली. चार दिवसांनी जाहिरात गायब झाली. ती बाजाराने काढली, की हार्नेस विकला गेला, हे मला कुणी सांगितलेले नाही.