व्हॉट्सॲप बिझनेस: एक दिवाळी आणि एक लग्नसराई वापरल्यानंतर

वापर कुठे झाला ते आधी सांगणं गरजेचं आहे, कारण छोट्या धंद्यांसाठीच्या या वेगळ्या व्हॉट्सॲपबद्दलची बरीच मतं धंद्याप्रमाणे बदलतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं आमचं तीन माणसांचं छपाईचं काम: व्हिजिटिंग कार्डं, बिलबुकं, स्टिकर, मिठाईचे बॉक्स, लग्नपत्रिका. गिऱ्हाइकांत नौपाड्यातले दुकानदार आहेत, घोडबंदर रोडला घरून फराळ-केक करणाऱ्या उद्योजिका आहेत आणि ऐरोली-महापेच्या ऑफिसांत ॲडमिन सांभाळणारी मंडळीही आहेत. चौकशी, फाइल, प्रूफ (छापण्याआधी तपासायला पाठवतो तो नमुना), मंजुरी, पैशांची आठवण, सगळं एकाच नंबरवर.

मत असं आहे: ॲप फुकट आहे, जरूर घ्यावं, पण ते दोन गोष्टींसाठी. लेबल (चॅटला लावायची खूण) आणि क्विक रिप्लाय (साठवून ठेवलेली उत्तरं). बाकी ज्या सोयींचा गाजावाजा होतो, म्हणजे कॅटलॉग (वस्तूंची यादी), ब्रॉडकास्ट (एकच निरोप अनेकांना), आपोआप जाणारं स्वागत, त्या नीट न वापरल्या तर नाव खराबच होतं.

सुरुवात नंबरापासून. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही. जुन्या गिऱ्हाइकांकडे जो नंबर सेव्ह आहे तोच बिझनेसला द्या आणि घरच्यांसाठी नवं सिम घ्या. उलटं करू नका. दुकानाचा लँडलाइन नंबरही चालतो, फक्त पडताळणीच्या वेळी एसएमएसऐवजी कॉलचा पर्याय निवडायचा. एक्स्टेन्शनवर फिरणारा ऑफिसचा नंबर असेल तर तो कॉल नीट पोचत नाही. सेटिंगमध्ये जाऊन सहा आकडी टू-स्टेप पिन (नंबर दुसऱ्या फोनवर चालू करताना विचारला जाणारा) त्याच दिवशी लावा. आणि त्या सिमचा रिचार्ज कधीही संपू देऊ नका. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते, आणि तुमची बिलबुकं, बोर्ड, बॉक्स यांवर तर तोच छापलेला असतो.

प्रोफाइलवरचं नाव बोर्डावर आहे तसंच ठेवा. बिलावर एक, गूगलवर दुसरं आणि व्हॉट्सॲपवर मालकाचं टोपणनाव असं असलं की नवीन माणूस ॲडव्हान्स पाठवताना थबकतो. ब्रँडिंग म्हणून लोक लोगोवर पैसे घालतात, पण नाव, फोन, पत्ता आणि वेळ या चार गोष्टी सगळीकडे अक्षरशः सारख्या असणं हे त्याच्या आधीचं काम आहे, आणि ते फुकट होतं.

आता लेबलं. ॲपमध्ये 20 पर्यंत करता येतात आणि काही तयार मिळतात: नवीन ग्राहक, नवीन ऑर्डर, पेमेंट बाकी वगैरे. तयार लेबलांवर थांबू नका. बरेच जण मालाप्रमाणे लेबल करतात, ‘कार्ड’, ‘पत्रिका’, ‘बॉक्स’, आणि पंधरा दिवसांत ती पाहणं सोडून देतात. कारण त्या लेबलावरून आज काय करायचं ते कळत नाही. लेबल हे पुढच्या कामाचं नाव असलं पाहिजे. छपाईत आठ पुरतात: कोटेशन द्यायचं, ॲडव्हान्स बाकी, फाइल बाकी, प्रूफ पाठवलं, प्रूफ ओके, छपाईत, तयार आहे, पैसे बाकी. केकवाल्यांना सहाही पुरतील. सीएच्या ऑफिसात ‘कागदपत्रं बाकी’ आणि ‘सही बाकी’ ही दोन लेबलं सगळ्यात जास्त भरलेली दिसतील.

लेबलांत दोन अडचणी येतात. पहिली, एकाच गिऱ्हाइकाची दोन कामं. ‘छपाईत’ आणि ‘प्रूफ पाठवलं’ ही दोन्ही लेबलं एकाच चॅटला लागली की कोणतं काम कुठे आहे ते कळेनासं होतं. त्यावर उपाय ॲपमध्येच आहे: लेबल चॅटला न लावता मेसेजला लावता येतं. प्रत्येक ऑर्डर पक्की झाली की तिचा सारांश एका मेसेजमध्ये लिहा (काम, माप, नग, कागद, तारीख, रक्कम), तो मेसेज दाबून धरा आणि लेबल त्यालाच लावा. दुसरी अडचण जास्त त्रासाची आहे. जुनं लेबल आपोआप निघत नाही. ‘तयार आहे’ लावताना ‘छपाईत’ हातानेच काढावं लागतं, नाहीतर आठवड्याभरात सगळ्या याद्या खोट्या होतात. आणि लेबलला तारखेची आठवण जोडता येत नाही. म्हणून डिलिव्हरीच्या तारखा गूगल कॅलेंडरमध्येच टाका, आदल्या दिवशी सकाळची सूचना लावून. संध्याकाळी शटर ओढण्याआधी पंधरा मिनिटं प्रत्येक लेबल उघडायचं आणि सगळ्यात जुन्या कामापासून वर यायचं. ही पंधरा मिनिटं देणार नसाल तर या ॲपचा साध्या व्हॉट्सॲपपेक्षा फार उपयोग नाही, हे स्पष्टच सांगतो.

क्विक रिप्लाय 50 पर्यंत साठवता येतात. चॅटमध्ये तिरकी रेघ टाकून शॉर्टकट लिहिला की मजकूर येतो. शॉर्टकट आकड्यांत ठेवा, म्हणजे मराठी-इंग्रजी कीबोर्ड बदलत बसावं लागत नाही. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळ वाचवणारा रिप्लाय हा:

“लोगो किंवा डिझाइन फोटो म्हणून पाठवू नका. पेपरक्लिपच्या चिन्हावर जाऊन ‘डॉक्युमेंट’ निवडा आणि फाइल तिथून पाठवा. पीडीएफ, सीडीआर (कोरलड्रॉ) किंवा एआय (इलस्ट्रेटर) फाइल असेल तर उत्तम. जेपीजीच असेल तर मूळ फाइल द्या, स्क्रीनशॉट नको.”

याचं कारण गिऱ्हाइकालाही समजावून सांगावं, म्हणजे तो रागावत नाही. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते. साडेतीन बाय दोन इंचाच्या कार्डाला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 1050 बाय 600 पिक्सेल लागतात, त्यामुळे कार्ड बऱ्यापैकी निघून जातं आणि ‘मागच्या वेळी तर चाललं होतं’ असं ऐकावं लागतं. तेच चित्र मिठाईच्या बॉक्सच्या नऊ इंची झाकणावर घेतलं तर 2700 पिक्सेल हवेत. 1600 मध्ये ते 178 डीपीआयवर येतं आणि बारीक अक्षरांच्या कडा फुटतात. 2023 पासून एचडी फोटोचा पर्याय आहे, तो थोडा बरा, पण छपाईला डॉक्युमेंटच. डॉक्युमेंट 2 जीबीपर्यंत जातं, म्हणजे कुठलीही नेहमीची फाइल अडत नाही.

दुसरा रिप्लाय दराचा. ‘कार्डं कितीला?’ या प्रश्नाला आकडा पाठवू नका, पाच प्रश्न पाठवा: माप, नग, कागद किती जीएसएम (कागदाचं वजन), लॅमिनेशन मॅट की ग्लॉसी, कधी हवं. ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईत, प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च 100 नगांनाही तेवढाच आणि 1000 नगांनाही तेवढाच, त्यामुळे हजारीचा दर शंभराला लागू होत नाही. आकडा आधी गेला की पुढचं सगळं बोलणं घासाघिशीत जातं. कोटेशनखाली ‘हा दर सात दिवस’ ही ओळ क्विक रिप्लायमध्येच बसवून ठेवा. कागदाचे भाव हलतात तेव्हा ती कामाला येते.

तिसरा, आणि पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा, प्रूफच्या मंजुरीचा. अंगठ्याच्या चिन्हावर मशीन सुरू करू नये. लग्नपत्रिकेत मुहूर्ताची वेळ किंवा आजोबांचं नाव चुकलं तर 500 पत्रिका पुन्हा छापाव्या लागतात. गिऱ्हाइकाकडून पूर्ण वाक्य लिहून घ्या: “नावं, तारीख, मुहूर्त, पत्ता, फोन तपासले. छापा.” एवढ्यावरही थांबू नका. आलेला मेसेज पाठवणारा 15 मिनिटांपर्यंत बदलू शकतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो. म्हणून मंजुरी मिळाल्यावर आपल्याकडून एक मेसेज टाका: किती वाजता मंजुरी आली, कोणतं प्रूफ, किती नग. शिवाय एक स्क्रीनशॉट. चॅटमध्ये डिसॲपिअरिंग मेसेज (ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जाणारे) सुरू नाहीत ना, तेही पाहा. वैयक्तिक चॅटमध्ये ती सोय दोघांपैकी कोणीही चालू करू शकतो.

स्वागताचा मेसेज नवीन माणसाला जातो, आणि 14 दिवस बोलणं झालं नसेल तर जुन्यालाही जातो. इथे गफलत होते. दहा वर्षांचं गिऱ्हाईक तीन आठवड्यांनी ‘ती कार्डं पुन्हा छापा’ म्हणतं आणि त्याला ‘आमच्याकडे आपलं स्वागत आहे, आपली ओळख करून द्या’ असं उत्तर जातं. मजकूर दोघांनाही चालेल असा हवा: “निरोप मिळाला. 11, 2 आणि 6 वाजता उत्तरं दिली जातात. घाईचं असेल तर फोन करा.” या तीन वेळांच्या मध्ये नोटिफिकेशन बंद ठेवली की डिझाइनवर बसलेल्या माणसाला सलग दोन-अडीच तास मिळतात. पण मग 2 वाजता उत्तर गेलंच पाहिजे, चारला नाही. वेळ पाळता येणार नसेल तर मेसेजमधून आकडे काढून टाका. अवे मेसेज कामाच्या वेळेबाहेर आपोआप लावता येतो, मात्र तो जायला फोन इंटरनेटवर असावा लागतो.

कॅटलॉगमध्ये 500 वस्तू मावतात. छपाईसारख्या, दर कामाला दर बदलणाऱ्या धंद्यात दहा-बारा नमुने पुरे. ठरलेला भाव असलेल्यांना, म्हणजे चकली-लाडू, मसाले, राख्या, कंदील, त्यांना तो खरोखर कामाचा आहे. वस्तू टाकल्यावर ती तपासून मगच दिसू लागते, त्यामुळे दिवाळीची यादी ऐन वसुबारसेला टाकायला बसू नका.

ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो पोचतो. विकत घेतलेल्या नंबरांवर फॉरवर्ड करण्याचा मोह टाळा. लोकांनी ब्लॉक आणि रिपोर्ट केलं की नंबरावर बंदी येऊ शकते, आणि मग लेबलं, चॅट, छापलेले बॉक्स सगळं अडकतं. त्यापेक्षा स्टेटस: आठवड्यातून दोनदा तयार कामाचा फोटो, गिऱ्हाइकाला विचारून आणि कार्डावरचा त्याचा फोन नंबर झाकून.

क्यूआरबद्दल थोडं सविस्तर, कारण तो एकदा छापला की बदलता येत नाही. ॲप स्वतःचा क्यूआर देतं, पण तो ॲपमधून रीसेट केला की जुना चालत नाही. हजारो बॉक्सवर छापायचा असेल तर डब्ल्यूए डॉट मी या लिंकपुढे 91 आणि दहा आकडी नंबर लिहून, अधिकचं चिन्ह किंवा शून्य न लावता, त्याचा क्यूआर करून घ्या. नंबर चालू आहे तोवर तो चालतो. आकार किमान 2 सेंटीमीटर, चारी बाजूंनी पांढरी मोकळी जागा, गडद रंग फिक्या पार्श्वभूमीवर. सोनेरी फॉइलवर घेऊ नका, चकाकीमुळे कॅमेरा पकडत नाही. बॉक्सच्या घडीपासूनही लांब ठेवा.

गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगल सर्च आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद) याच्या जोडीला लागतंच. नावात ‘ठाण्यातील नंबर 1 प्रिंटिंग’ असं काही घुसवू नका, नियमात बसत नाही आणि प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. मुख्य वर्ग एक आणि जोडवर्ग नऊपर्यंत, वर्णनाला 750 अक्षरं. वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर आणि प्लॉट नंबर दोन्ही लिहा आणि नकाशावरची पिन स्वतः गेटवर ओढून आणा, नाहीतर टेम्पोवाला मागच्या गल्लीत उभा राहतो. घरून धंदा असेल तर पत्ता लपवून फक्त सेवेचे भाग टाकता येतात, 20 पर्यंत. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या खास वेळांमध्ये भरा. प्रोफाइलवरची चॅटची सोय 31 जुलै 2024 ला बंद झाली, तेव्हा फोन नंबर बरोबर आहे ना ते एकदा पाहून घ्या. रिव्ह्यू जरूर मागा, पण त्याबदल्यात सूट देऊ नका. तेही नियमाबाहेर आहे.

फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात, डिझाइनरच्या कॉम्प्युटरला हे फार सोयीचं. मुख्य फोन 14 दिवस वापरात नसेल तर ती सुटतात. उत्तर कोणी दिलं ते मात्र गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून मेसेजच्या शेवटी नावाचं आद्याक्षर टाकायची पद्धत ठेवा. अँड्रॉइडचा बॅकअप 2024 पासून गूगलच्या 15 जीबीत मोजला जातो आणि छपाईच्या फाइलींनी तो भराभर भरतो. मंजूर झालेली फाइल त्याच दिवशी कॉम्प्युटरवर उतरवा, तारीख, गिऱ्हाईक, काम या क्रमाने नाव देऊन. महिन्याभराने चॅटमधून ती उतरेलच असं नाही.

पाच-सहा माणसं एकाच नंबरवर उत्तरं देऊ लागली की हे ॲप तोकडं पडतं. तेव्हा पैसे भरून मिळणाऱ्या सेवेकडे जावं. आणि नोकरी करणाऱ्यांसाठी, कंपनीच्या वतीने पुरवठादारांशी बोलणाऱ्या ॲडमिन-परचेसवाल्यांसाठी एकच अट: सिम कंपनीच्या नावावर घ्या, पिन दोघांना माहीत असू द्या आणि स्वतःचा नंबर त्यात आणू नका. माणूस नोकरी सोडून गेला तरी ऑर्डरींचा इतिहास त्याच टेबलावर राहतो.