बाइकची बॅटरी: दुकानात चार्जिंग की घरचा छोटा चार्जर?

ग्वाल्हेरात डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात सेल्फ मारला की नुसती टिकटिक येते, आणि लष्कर भागातली आपली मंडळी बॅटरी काढून थेट दुकान गाठतात. दुकानाचा फायदा एकच, पण मोठा: तिथे लोड टेस्टर असतो. बॅटरी खरंच गेली आहे की नुसती उतरली आहे, हे लगेच कळतं.

चार्जिंगसाठी मात्र मी घरचा ऑटोमॅटिक चार्जरच घ्या म्हणेन. मुद्दा करंटचा आहे. बाइकच्या बॅटरीला क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका करंट मानवतो. 5 अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. दुकानात ती कारच्या मोठ्या चार्जरवर लागली तर तापते, आतलं पाणी उडतं. सीलबंद असेल तर ते परत भरताही येत नाही! हळू चार्जिंगला अख्खी रात्र गेली तरी चालेल.

घरी जबाबदारी आपली. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून देवघर, शेगडी यांच्यापासून लांब, हवेशीर जागी ठेवा. गाडीतून काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना तीच शेवटी. चिमटे लावून मगच प्लगचं बटण दाबा. काढताना आधी बटण बंद. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच. चार्जर काढून काही तासांनी मल्टिमीटरवर 12.6 व्होल्टच्या वर दिसलं की झालं. आकडा 10.5 च्याही खाली असेल, बॅटरी फुगली असेल, तर घरी खटपट नको. ती दुकानातच दाखवा.