आमच्या पेठेतली महापालिका शाळा : बाईंना पाचपैकी पाच

नातीला इथं घातलंय. आधीचे मुख्याध्यापक सर शिस्तीचे, पण पालक फाटकाबाहेरच. आत्ताच्या बाई सकाळी फाटकात उभ्या असतात, पोरांना नावानं हाक मारतात, आमटी स्वतः चाखल्याशिवाय वाढू देत नाहीत. बाईमाणूस म्हणून मऊ समजू नका. उशिरा आलेल्या गुरुजींना ऑफिसात बोलावून सरळ सुनावतात, चारचौघांत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला हव्यात, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. इथं त्या नुसत्या सह्या करत नाहीत. सूनबाईनं मुलींच्या संडासाच्या तुटक्या कडीचा विषय काढला, त्याच आठवड्यात कडी बसली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या कोल्हापुरात सरकारी शाळेत पोरं घालायला लाजायचं कशाला? मागचे वर्ग मात्र अंधारे आहेत, तिथं ट्यूब बसवा.