चौथ्या खंडापर्यंत धीर धरावा अशी मालिका : ‘ब्लेड ऑफ द इमॉर्टल’

हिरोआकी सामुरा यांची ‘ब्लेड ऑफ द इमॉर्टल’ ही समुराईंची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची, मालिका मी पहिल्यांदा हाती घेतली, तेव्हा दुसऱ्या खंडाच्या शेवटी मिटून ठेवली होती. ते दोन खंड आज पुन्हा वाचतानाही तेव्हाची माझी तक्रार चुकीची होती असे मला म्हणता येत नाही. सुरुवात खरोखरच कच्ची आहे. मात्र काही वर्षांनी मी तिसऱ्या खंडापासून पुन्हा वाचायला घेतले आणि पाचव्या खंडानंतर ही मालिका मला सोडवेना. ज्यांनी ती माझ्यासारखीच अर्ध्यावर, खरे तर दशांशाच्याही आधीच, सोडली असेल त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. कथेचा शेवट मी सांगणार नाही, परंतु मधल्या काही प्रसंगांचा उल्लेख केल्याशिवाय माझे म्हणणे मांडता येणार नाही.

मूळ जपानी नाव ‘मुगेन नो जूनिन’. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘आफ्टरनून’ या मासिकात ही मालिका १९९३ पासून २०१२ पर्यंत प्रसिद्ध होत राहिली आणि जपानीत तिचे ३० खंड झाले. इंग्रजीत डार्क हॉर्स या अमेरिकी प्रकाशकाने ती ३१ खंडांत आणली. कथा घडते ती एदो काळाच्या, म्हणजे जपानवरच्या शोगुनांच्या लष्करी राजवटीच्या, उत्तरार्धात, तेनमेई पर्वाच्या आरंभी, म्हणजे १७८२ च्या सुमारास. मांजी हा समुराई आपल्या धन्याच्या हुकमावरून निरपराध माणसे मारत आला आहे. ते लक्षात आल्यावर तो धन्यालाच ठार करतो आणि नंतर पाठलागावर आलेल्या शंभर जणांना कापतो. त्यांत त्याच्या बहिणीचा नवराही असतो. आठशे वर्षे जगलेली एक भिक्खुणी मांजीच्या शरीरात ‘केस्सेन-चू’ नावाचे किडे सोडते. ते त्याच्या जखमा शिवतात, तुटलेले अवयव जोडतात आणि त्याला मरू देत नाहीत. या शापातून सुटण्यासाठी एक हजार दुष्ट माणसे मारण्याची प्रतिज्ञा तो करतो. याच सुमारास असानो रिन ही सोळा वर्षांची मुलगी त्याच्याकडे येते. दोन वर्षांपूर्वी ‘इत्तो-र्‍यू’ या तलवारबाजांच्या टोळीने तिच्या वडिलांची तालीम उद्ध्वस्त केली, वडिलांना मारले आणि आईला ओढून नेले. त्या टोळीचा तरुण म्होरक्या अनोत्सु कागेहिसा याचा सूड तिला घ्यायचा आहे.

एवढ्या मांडणीतूनच पहिली अडचण उघड होते. ज्याला मृत्यूच नाही अशा नायकाच्या द्वंद्वयुद्धात वाचकाने जीव मुठीत धरावा तरी कशासाठी? आरंभीच्या खंडांत याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही. एक खलनायक येतो, त्याचे शस्त्र चमत्कारिक असते, तो आपले तत्त्वज्ञान ऐकवतो, मांजीला भोसकतो, मांजी उठून उभा राहतो आणि त्याला संपवतो. मग दुसरा येतो. यांतला कुरोई साबातो तर आपण मारलेल्या स्त्रियांची मस्तके स्वतःच्या खांद्यांवर शिवून हिंडतो. प्रतिमा म्हणून हे भयंकर आहे, पण पात्र म्हणून त्याच्यामागे दुसरे काहीच नाही आणि वाचकाला धक्का देण्यापलीकडे त्याचा उपयोगही केलेला नाही. शिवाय प्रत्येक महत्त्वाच्या मृत्यूला एक पूर्ण पान दिलेले असते. हालचाल थांबते, शरीराचे तुकडे एखाद्या नक्षीसारखे पानभर मांडलेले दिसतात आणि मागे मंडलासारखी रचना असते. पहिल्यांदा हे पाहताना श्वास रोखला जातो. तिसऱ्यांदा मात्र आपण मृत्यू पाहत आहोत की सजावट, असा प्रश्न पडतो. मला त्या प्रश्नानेच थांबवले होते.

भाषेविषयीही हेच म्हणावे लागेल. सामुरा यांच्या पात्रांची बोली अठराव्या शतकाची नाही. मांजी आजच्या रस्त्यावरच्या टग्यासारखा बोलतो आणि त्याचा वेशही तसाच आहे. हे त्यांनी जाणीवपूर्वक केले आहे, पण आरंभी त्यामागचा हेतू स्पष्ट होत नसल्यामुळे केवळ ऐट वाटते.

पहिल्या पानापासून भक्कम असलेली एक गोष्ट मात्र मी त्या वेळी पुरेशी ओळखली नव्हती, आणि ती म्हणजे रेघ. सामुरा यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले आहे. शाईच्या काटेकोर रेघेशेजारी ते शिसपेन्सिलीचे मऊ, दाट रेखाटन ठेवतात, आणि एकाच चौकटीत चेहरा पेन्सिलीत उजळलेला आणि कपड्यांच्या चुण्या शाईत धारदार असे दृश्य वारंवार दिसते. पहिल्या खंडांत हे कौशल्य मारामारीवर खर्च झाले आहे. पुढे तीच पेन्सिल पावसात भिजलेल्या वाटेकडे, थकलेल्या खांद्यांकडे, झोपलेल्या माणसाच्या हातांकडे वळते. कोणत्या खंडात कोणती लढाई आहे हे मी विसरतो, पण कोणत्या खंडात बर्फ पडतो आहे हे मला पक्के आठवते.

वळण येते ते इंग्रजी आवृत्तीच्या चौथ्या आणि पाचव्या खंडांत. कावाकामी आराया हा इत्तो-र्‍यूचाच माणूस. रिनच्या घरावर हल्ला झाला त्या रात्री तोही तेथे होता. आता तो मुखवटे बनवतो आणि आपल्या लहान मुलाला, रेन्झोला, वाढवतो. रिनची ओळख आधी त्या मुलाशी होते. बापाने पूर्वी काय केले याची त्या मुलाला कल्पना नाही, आणि जिने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ती मुलगी त्याच्या घरात बसली आहे. रिनने कावाकामीला ओळखले आहे, आणि हे कावाकामीलाही ठाऊक आहे. त्या घरातल्या संभाषणात तलवार जवळजवळ नाहीच, तरीही आधीच्या सगळ्या द्वंद्वयुद्धांपेक्षा ते प्रकरण वाचताना मला अधिक भीती वाटली. रिनला न्याय हवा आहे, पण तो मिळाला तर आणखी एक पोरके मूल तयार होईल, आणि ते मूल उद्या कोणाच्या दारात उभे राहील? लेखकाने हा प्रश्न केवळ सुचवून सोडून दिलेला नाही. रेन्झो पुढे, बऱ्याच खंडांनंतर, कथेत परत येतो. कोणाच्या संगतीत परत येतो हे वाचल्यावर मी तो खंड बाजूला ठेवून चौथा खंड पुन्हा काढला होता.

या प्रकरणानंतर मालिकेचा भार मांजीवरून रिनवर सरकतो, आणि न मरणाऱ्या नायकाची अडचणही तेथेच सुटते. मांजी मरणार नाही हे आपल्याला माहीत असते. पण रिन मरू शकते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती बदलू शकते. अनोत्सु कागा प्रांताकडे निघाला आहे असे कळल्यावर ती मांजीला मागे ठेवून एकटीच त्याच्या मागावर जाते. वाटेवरच्या नाक्यांवर कडक पहारा आहे आणि परवान्याशिवाय प्रवास करणाऱ्या तरुणीला तो ओलांडणे जवळजवळ अशक्य आहे. सामुरा यांनी या नाक्याच्या प्रसंगाला जेवढी पाने दिली आहेत, तेवढी पहिल्या खंडांत चार खलनायकांना मिळून दिली नसतील, आणि प्रत्येक पान सार्थ आहे. अखेर अनोत्सु तिला भेटतो तो गंभीर आजारी अवस्थेत. ज्याला मारण्यासाठी ती इतकी वर्षे जगली, तो तिच्यासमोर असहाय पडलेला आहे. ती त्या वेळी जे करते ते मला आधी पटले नव्हते. दुसऱ्या वाचनात पटले.

अनोत्सु हे या मालिकेचे सर्वांत मोठे यश आहे असे मी मानतो. आरंभी तो थंड डोळ्यांचा, देखणा खलपुरुष वाटतो. पुढे कळते की त्याच्या आजोबांना रिनच्याच घराण्यातून, म्हणजे मुतेनइचि-र्‍यूमधून, काढून टाकण्यात आले होते आणि त्या अपमानाचे ओझे नातवाच्या डोक्यावर बालपणापासून लादले गेले. येथे ‘र्‍यू’ या शब्दासाठी मी घराणे हा शब्द वापरतो, कारण आपल्या संगीतातल्या घराण्यांप्रमाणेच त्यात गुरुपरंपरा, शिस्त, अभिमान आणि बंदिस्तपणा हे सगळे एकत्र येते. अनोत्सुचा आक्षेप याच बंदिस्तपणावर आहे. ओसाकाच्या किल्ल्याचा १६१५ चा पाडाव होऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटली आहेत, मोठे युद्ध कोणी पाहिलेले नाही, आणि तलवार हे समुराईच्या कमरेला लटकणारे दर्जाचे चिन्ह बनले आहे. इत्तो-र्‍यूत कोणतेही शस्त्र चालते, कोणतीही पद्धत चालते, जिंकणे एवढाच नियम असतो. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मागात्सु ताइतोसारख्या माणसालाही तेथे जागा मिळते. या विचारात तथ्य आहे आणि तो अमलात आणण्याची रीत रक्ताने माखलेली आहे. सामुरा या दोन्ही गोष्टी शेवटपर्यंत एकमेकींजवळ ठेवतात आणि वाचकाला सोयीची बाजू निवडू देत नाहीत.

माकिए या स्त्रीविषयी स्वतंत्र लिहायला हवे. संपूर्ण मालिकेत तलवारीत तिच्या तोडीचा कोणी नाही, आणि तिलाच आपण कशासाठी मारतो हे उमगत नाही. तिसऱ्या खंडात ती येते तेव्हा कच्च्या सुरुवातीतली पहिली खरी ठिणगी दिसते. दुसऱ्या खंडावर थांबल्यामुळे मी ती हुकवली होती.

पुढे शोगुनशाहीचा अधिकारी हाबाकी कागिमुरा कथेत येतो आणि सूडाची गोष्ट राज्यकारभाराची होते. इत्तो-र्‍यूचा नायनाट करण्यासाठी शिक्षा झालेल्या गुन्हेगारांचीच एक गुप्त टोळी कामाला लावली जाते. तीत ह्याकुरिनसारखी लक्षात राहणारी स्त्री आहे आणि शिरासारखा निव्वळ क्रूर माणूसही आहे. मधल्या खंडांत मांजीला कैद करून त्याच्या अमरत्वावर वैद्यकीय प्रयोग केले जातात. त्याचे हातपाय कापून इतर कैद्यांना जोडून पाहिले जातात. हा भाग अनेक वाचकांना ताणलेला वाटतो, आणि तो आवश्यकतेपेक्षा लांबला आहे हे मलाही मान्य आहे. परंतु पहिल्या खंडात जे अमरत्व केवळ लेखकाची सोय वाटत होते, त्याची किंमत येथे वसूल होते. न मरणाऱ्या शरीराचे सत्ताधारी काय करतील, हा प्रश्न विचारल्याशिवाय ही कल्पना अपुरीच राहिली असती. हजार माणसांचा हिशेब मात्र हळूहळू मागे पडतो. ज्यांना तो हिशेब तंतोतंत हवा असेल त्यांची निराशा होईल.

आवृत्तीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण विकत घेताना त्याचा उपयोग होईल. जपानी पाने उजवीकडून डावीकडे वाचली जातात. त्या काळी इंग्रजी प्रकाशक साधारणपणे सगळे पान आरशात पाहावे तसे उलटे छापत असत. या मालिकेत त्याऐवजी चौकटी कापून डावीकडून उजवीकडे पुन्हा मांडल्या आहेत, जेणेकरून मूळ चित्र उलटे होऊ नये. मांजीच्या पाठीवर जे चिन्ह आहे ते बौद्ध परंपरेतले स्वस्तिक आहे, आणि जपानीत त्या चिन्हालाच ‘मांजी’ म्हणतात. पान उलटवले असते तर त्याची दिशा फिरून ते नाझींच्या चिन्हासारखे दिसले असते. हेतू स्तुत्य असला तरी या पुनर्मांडणीमुळे काही पानांवर नजर अडखळते, विशेषतः लढाईच्या पानांवर, जेथे एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाणारी तलवारीची दिशा महत्त्वाची असते. सुरुवात गोंधळाची वाटण्यात या अडखळण्याचाही थोडा वाटा असावा असे मला वाटते. नंतर तीन-तीन खंड एकत्र करून जाडजूड आवृत्त्याही निघाल्या. नव्या वाचकाने त्याच घ्याव्यात, कारण पहिल्या पुस्तकातच माकिएपर्यंत पोहोचता येते आणि दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभीच कावाकामीचे घर लागते. सुटे खंड घेणाऱ्याला थांबण्याचा मोह तीनदा होतो.

मालिकेत हिंसा अतोनात आहे, आणि लैंगिक अत्याचाराचे प्रसंगही आहेत. ह्याकुरिनच्या वाट्याला जे येते ते वाचणे मला फार जड गेले. कोवळ्या वयाच्या वाचकाच्या हाती ही पुस्तके देऊ नयेत, आणि प्रौढ वाचकानेही हे ठाऊक असताना मगच सुरुवात करावी. २००८ ची १३ भागांची अ‍ॅनिमे मालिका केवळ आरंभीच्या कथेपुरती आहे. २०१९ ची २४ भागांची मालिका शेवटापर्यंत जाते, पण इतके खंड तेवढ्या भागांत बसवताना तिला सतत धावावे लागते, आणि नाक्यावरची ती दीर्घ, दम कोंडणारी प्रतीक्षा धावत दाखवता येत नाही. त्यांपैकी काही पाहून मालिकेविषयी मत बनवले असेल तर ते मूळ पुस्तकांना लागू करू नये.

पहिले दोन खंड संथपणे, चित्रांकडे लक्ष देऊन वाचावेत आणि कथेकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. तिसऱ्या खंडात माकिएची वाट पाहावी. पाचवा खंड संपेपर्यंत, कावाकामीच्या घरातून रिन बाहेर पडेपर्यंत, निर्णय घेऊ नये. त्या घरात तुमचे मन गुंतले नाही, रेन्झोचे पुढे काय होईल याची काळजी वाटली नाही, तर उरलेले पंचवीसहून अधिक खंड तुमच्यासाठी नाहीत आणि ते बाजूला ठेवण्यात काहीच गैर नाही. मी मात्र सहावा खंड त्याच रात्री उघडला होता.