मेंदूचा एमआरआय: जागेपणी की भूल देऊन?

पीकॅनचा (मेंदूत लोह साठत जाणारा एक आनुवंशिक आजार) संशय असलेल्या मुलाचा एमआरआय जागेपणी करावा की भूल देऊन, हा प्रश्न आमच्यापुढे दोनदा आला. दोन्ही करून पाहिलं, म्हणून लिहितो.

जागेपणी केलं तर उपाशी ठेवावं लागत नाही, भुलीची जोखीम नाही, उरकलं की लगेच घरी. ज्यांचा डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडून अंग वळणं) पायांपुरता आहे, त्यांचं बहुधा निभावतं. आमची लेक तेव्हा नऊ वर्षांची, शहाण्यासारखी आत गेली. मी तिच्या पायावर हात ठेवून उभा होतो. मशीनची ठकठक सुरू झाली की तिची मान डावीकडे ओढली जायची. ती सरळ ठेवायला धडपडायची तसतशी आणखी वळायची. तीनदा थांबवून पुन्हा सुरू केलं. रिपोर्टात एकच ओळ आली: हालचालीमुळे प्रतिमा अस्पष्ट.

माझ्यापुरतं सगळं तिथेच ठरलं: भूलच बरी. या आजारात जे शोधायचं असतं ते फार लहान असतं. ग्लोबस पॅलिडस या मेंदूच्या आतल्या भागात लोह साठतं, म्हणून एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या प्रतिमेत तो भाग काळा दिसतो आणि त्या काळ्यात एक पांढरा ठिपका. यालाच 'वाघाचा डोळा' म्हणतात. डोकं जरा हललं की तो ठिपका काळ्यात विरून जातो. मग उरतं नुसतं लोह, आणि ते तर एनबीआयए या, मेंदूत लोह साठणाऱ्या आजारांच्या गटातल्या इतर आजारांतही असतं. आधी कोणतं जनुक तपासायचं, पीकॅनचं पँक-टू की दुसरं, हे सुचवणारी खूणच हातची जाते.

भुलीत अंग शांत पडतं. पण बॅक्लोफेन हे स्नायू सैल करणारं औषध चालू असेल तर उपासाच्या नावाखाली डोस चुकवू नका. ते अचानक बंद करणं धोक्याचं असतं. भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा. गिळण्याचा किंवा श्वासाचा त्रास असेल, तर मात्र माझं मत बाजूला ठेवून त्यांचंच ऐका.

जागेपणीच करायचं ठरलं, तर टी-टू आधी घ्यायची विनंती करा. बहुतेक मुलं पहिली काही मिनिटंच स्थिर राहतात. एसडब्ल्यूआय या एमआरआयच्या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिमेत लोह जास्त ठळक दिसतं खरं, पण कधी कधी सगळाच भाग काळा होऊन ठिपका झाकला जातो.

दुसऱ्या वेळी आम्ही भूल दिली. डॉक्टरांनी पडद्यावर दोन्ही बाजूंचे ठिपके बोटाने दाखवले, आणि जनुक तपासणीचा फॉर्म आम्ही तिथे बसूनच भरला.