जीपीएस रनिंग घड्याळ : अ‍ॅव्हरेज पेस मस्त, आत्ताचा पेस रामभरोसे

हे घड्याळ बरेच दिवस वापरतोय. बॅटरी, पट्टा, स्क्रीन सगळं ओके, त्यावर वेळ घालवत नाही, कारण असलं घड्याळ माणूस पेस, म्हणजे १ किमीला किती मिनिटं लागतात ते, बघायलाच घेतो.

पळताना आत्ताचा पेस जो दिसतो त्याच्याकडे बघूच नका. एकसारखं पळत असलात तरी ५:१०, मग ६:०५, परत ५:३०, आणि उंच बिल्डिंगांमधून पळत असाल तर विचारूच नका, सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि तुम्ही भलतीकडेच असल्यासारखं दाखवतो. पूर्ण रनचा अ‍ॅव्हरेज मात्र चांगला येतो कारण मागेपुढे झालेलं बरंचसं कटून जातं. पण त्यातही एक भानगड आहे, ८-९ किमी झाले की तो आकडा हलतच नाही, शेवटी पाय पार गळालेत तरी हा आपला छान छान दाखवतोय. म्हणून स्क्रीनवर लॅप पेस, म्हणजे फक्त चालू टप्प्याचा पेस, लावा, दर १ किमीला नवीन लॅप, बास.

अ‍ॅपमध्ये ताशी किमीमध्ये पण स्पीड दिसतो, ६ चा पेस म्हणजे १० आणि ४ चा म्हणजे १५. आता १ किमी ६ ने आणि १ किमी ४ ने पळालात तर अ‍ॅव्हरेज साडेबारा नाही हां, १० मिनिटांत २ किमी म्हणजे १२. घड्याळ हे बरोबर करतं, आपणच बेरीज करून दोनने भागतो.

ऑटो पॉज बंद करा. सिग्नलला थांबलात की हे वेळ मोजायचं थांबवतं, मग पेस भारी दिसतो, पण रेसमध्ये पाणी प्यायला थांबलात तरी वेळ चालूच असते ना. वर रेसच्या १० किमीला घड्याळ १०.१५ वगैरे दाखवतं, कारण कोर्स सगळ्यात जवळच्या लाइनने मोजलेला असतो आणि आपण वळणांवर बाहेरून जातो, शिवाय जीपीएसची थोडी मिलावट. ६० मिनिटं लागली तर घड्याळ म्हणणार ५:५५, खरा पेस ६:००. टार्गेट लावताना किमीमागे ५ सेकंद हातचे ठेवा.

ट्रेडमिलवर अंदाजपंचे, हाताच्या हालचालीवरून मोजतं, दांडा धरला की संपलं.

४ स्टार. पाचवा कापला कारण ऑटो पॉज आधीपासून चालू होता आणि सेटिंगमध्ये शोधता शोधता नाकी नऊ आले.