"ओरिजिनल हार्डवेअर" सांगून विकलेला मल्टिगेम बोर्ड, आत निघाला दुसऱ्यांचा फुकट एमुलेटर

आर्केड कॅबिनेटमध्ये, म्हणजे गेम पार्लरमधल्या उभ्या मशीनमध्ये, टाकायला ते हजार-दोन हजार गेम्सवाले बोर्ड मिळतात ना, एकच बोर्ड, जॅमा कनेक्टर (अशा मशीनमधला ठरलेला जोड) लावला की चालू, त्यातला एखादा घ्यायच्या विचारात असाल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. लांब झालंय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

मी आणि माझा पार्टनर छोटा गेम झोन टाकणार होतो, म्हणजे लोक पैसे देऊन खेळणार, घरातल्या घरात मजा म्हणून नाही. त्यामुळे विकणाऱ्याला पहिल्याच फोनवर विचारलं की बाबा यात एमुलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) आहे का, आणि असेल तर त्याचं लायसन्स कोणाचं. त्याचं उत्तर अगदी पाठ केल्यासारखं, "सर, एमुलेटर वगैरे स्वस्तातल्या मालात असतो, आपला बोर्ड हार्डवेअर बेस्ड आहे, स्वतःची चिप, स्वतःचं इंजिन, कंपनीकडून लायसन्स घेतलंय, तुम्ही निर्धास्त लावा." हेच परत चॅटवर लिहून मागितलं, त्याने दिलं. ते लिहून घेतलं म्हणून आज काहीतरी हातात आहे, नाहीतर सगळा तोंडी कारभार.

बोर्ड आला, लावला, चाललाही. मग एकेक गोष्ट खटकायला लागली. चालू केल्यावर आधी काळी स्क्रीन, वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांच्या ओळी झरझर जातात आणि लगेच लोगो येऊन त्या झाकतो. फोनवर स्लो मोशनमध्ये शूट करून बघितलं तर सरळ लिनक्सचं बूटिंग, म्हणजे आत कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होतेय. आता लिनक्स असणं हा काही गुन्हा नाही, पण १९९१ चा स्ट्रीट फायटर टू ज्या मूळ बोर्डवर चालायचा त्यात मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर, आवाजासाठी झेड८० आणि यामाहाची चिप, आणि गेम रॉम चिप्समध्येच, त्यामुळे तिथे लोड होणं हा प्रकारच नाही. आमच्या बोर्डवर निओ जिओचे (एसएनके कंपनीचं जुनं गेम मशीन) मोठे गेम निवडले की "लोडिंग" ची पट्टी येते. आतल्या मेमरी कार्डावरची झिप फाइल उघडून मेमरीत भरायला वेळ लागतो, दुसरं काही नाही.

आणि मॉर्टल कॉम्बॅट! ज्याने तो गेम मूळ मशीनवर खूप खेळलाय त्याला दोन मिनिटांत कळतं की काहीतरी घाई चाललीय. १९९२ च्या मूळ बोर्डवर स्क्रीन सेकंदाला साधारण ५४.७ वेळा ताजी होते आणि गेमचा वेग त्यालाच बांधलेला. बोर्ड बनवणाऱ्याने सगळे गेम सरसकट ६० वर टाकलेत, म्हणजे जवळपास १० टक्के जास्त वेग. आर-टाइपचं पण तेच, तो मुळात ५५ च्या आसपास. उलट स्ट्रीट फायटर, पॅकमॅन हे मुळातच ६० च्या जवळ असल्यामुळे ते नीट वाटतात, आणि विकणारे डेमो व्हिडिओत नेमके हेच गेम दाखवतात, मॉर्टल कॉम्बॅट कधी दाखवत नाहीत. बघा तुम्हीच.

मग पार्टनर म्हणाला उघडूया. झाकणाखाली एक मोठी चिप, तिच्या पाठीवरचं नाव घासून काढलेलं, शेजारी रॅम, एक बारकी प्रोग्रामेबल चिप जी व्हिडिओ सिग्नल आणि बटणांचं बघते, आणि मायक्रो एसडी कार्ड. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि तिथेच खेळ खल्लास. गेम्सच्या फोल्डरमध्ये झिप फाइल्स, एसएफ२, डिनो, एमस्लग, केओएफ९७, अशी आखूड नावं. ही नावं कॅपकॉम किंवा एसएनकेने दिलेली नाहीत, ती एमुलेटरवाल्यांची आहेत, मेम हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध फुकट आर्केड एमुलेटर सुरू झाला डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जमान्यात आणि डॉसमध्ये फाइलच्या नावाला आठच अक्षरं, म्हणून सगळं असं तोडून लिहिलेलं. ज्याने स्वतःचं इंजिन शून्यातून लिहिलं त्याला ही नावं कशाला लागतील? पुढे हायस्कोर डॉट डॅट नावाची फाइल, ती तर एमुलेटर वापरणाऱ्या लोकांनी मिळून वर्षानुवर्षं भरलेली यादी आहे, कुठल्या गेमचा हायस्कोर मेमरीत कुठे सापडतो त्याची. आणि मुख्य प्रोग्रामवर लिनक्समधली स्ट्रिंग्ज कमांड चालवली, जी फाइलमधला वाचता येईल असा मजकूर बाहेर काढते, तर फायनलबर्न अल्फा या दुसऱ्या फुकट एमुलेटरचं नाव, तिथलेच एरर मेसेज, डिप स्विचच्या (मशीनच्या सेटिंगची बटणं) मेनूतलं वाक्यन्‌वाक्य तेच. फक्त स्क्रीनवर जिथे नाव दिसायचं तिथे यांचा लोगो.

चुका पण त्याच होत्या. फायनलबर्न अल्फाच्या जुन्या व्हर्जनमध्ये एका गेममध्ये जिथे ग्राफिक्स फाटायचं, बरोब्बर तिथेच इथेही फाटतं. परीक्षेत कॉपी करणारा शेजाऱ्याच्या चुका सुद्धा उतरवतो तसं झालं हे. जुन्या बोर्डांमध्ये आणखी एक खूण सापडते, मेमच्या सुरुवातीच्या काळात गॅलागा या गेममधल्या स्फोटाचा आवाज एमुलेट होत नव्हता म्हणून वेगळी रेकॉर्ड केलेली आवाजाची फाइल जोडायला लागायची, तशीच फाइल बोर्डात मिळाली तर आणखी काय पुरावा हवा.

आता कोणी म्हणेल, असेना एमुलेटर, गेम चालतोय ना. घरी खेळणाऱ्याला चालेल. पण मेमचा पहिला रिलीज फेब्रुवारी १९९७ चा, निकोला साल्मोरिया यांनी काढला, नंतर जगभरच्या लोकांनी फुकट राबून वाढवला, आणि २०१६ पर्यंत त्याचं लायसन्स स्पष्ट सांगायचं की हे विकायचं नाही आणि कुठल्याही कमर्शियल वस्तूत वापरायचं नाही. २०१६ मध्ये तो जीपीएल या खुल्या लायसन्सखाली आला, म्हणजे आता विकू शकता पण सोर्स कोड द्यायला लागतो. फायनलबर्न अल्फाचं लायसन्स तर यातून पैसे कमवायलाच नाही म्हणतं, आणि केलेले बदल जाहीर करा म्हणतं. आमच्या बोर्डवाल्याने यातलं एकही पाळलेलं नाही, ना नाव ठेवलं, ना कोड दिला, आणि वर हे सगळं गेम झोनला विकलं. उद्या कोणी विचारलं तर मशीन आमच्या दारात उभं आहे, त्याच्या नाही.

गेम्सचे हक्क ही अजून वेगळीच भानगड आणि इथे लोक हमखास गंडतात. एमुलेटरचं लायसन्स आणि गेमचं लायसन्स, दोन्ही लागतात. २०१९ मध्ये कॅपकॉमच्या गेम्सचं एक अधिकृत होम आर्केड आलं, गेम कॅपकॉमचेच, तिथे प्रश्नच नाही, पण आत फायनलबर्न अल्फा, आणि त्याच्या टीममधल्या एकाने परवानगी दिली म्हणून बाकीच्यांनी हरकत घेतली, की आमचाही कोड आहे यात, शिवाय मेममधून घेतलेला भाग आहे जो विकायचा नाही म्हणून दिला होता. त्यातून काही जण बाहेर पडले आणि एफबी निओ हा वेगळा एमुलेटर सुरू झाला. एवढ्या मोठ्या नावांच्या बाबतीत हे होतं तर नाव घासलेल्या चिपवाल्याचं "कंपनीकडून लायसन्स" काय असणार.

विकणाऱ्याला हे सगळं फोटोंसकट पाठवलं. आधी म्हणाला तुम्ही सील तोडलंत, वॉरंटी संपली. मग म्हणाला ती बारकी चिप म्हणजेच एफपीजीए (आतली रचना हवी तशी बदलता येणारी चिप), गेम त्याच्यावर चालतात. (नाही चालत. ती चिप काढायचा प्रश्नच नव्हता, प्रोग्राम कार्डावर समोर दिसतोय.) मग शेवटी, "सर मार्केटमध्ये सगळे हेच विकतात, तुम्हाला कोणी फसवलं?" म्हणजे सकाळी एमुलेटर नव्हता आणि संध्याकाळी सगळ्यांकडे होता!

हे मात्र खरं की सगळे करतात. इतकं की ३९ गेम्सवाला एक जुना चायनीज बोर्ड आहे, इंटेलची पीएक्सए२५५ चिप असलेला, तो मेमच्या स्वतःच्या गेम यादीत "३९ इन १ मेम बूटलेग" (बूटलेग म्हणजे चोरून बनवलेली नक्कल) याच नावाने आहे. ज्यांचा कोड ढापला त्यांनीच ढापणारं मशीन नोंदवून ठेवलं, हसावं का रडावं.

एमुलेटर नसलेले मल्टिगेम नसतातच असं नाही. निओ जिओचं एमव्हीएस हे आर्केड मशीन १९९० चं, त्याच्या काही मॉडेल्समध्ये एका मशीनमध्ये अनेक कार्ट्रिज लागायच्या, अस्सल हार्डवेअर. नामकोने स्वतः २००१ मध्ये मिस पॅकमॅन आणि गॅलागा एकत्र काढलं होतं. त्या एमव्हीएससाठी १६१ इन १ कार्ट्रिज मिळते, तिच्यात एमुलेटर नाही कारण गेम खऱ्या बोर्डवर चालतो, पण गेम्स मात्र परवानगीशिवाय भरलेले. एफपीजीएवाले पण आहेत, तिथे जुन्या चिप्सची रचनाच नव्याने उभी करतात, मिस्टर हा प्रोजेक्ट त्यातला, पण ते लोक कोड उघडा ठेवतात आणि कोणी काय लिहिलं ते सांगतात. नाव सांगायला लाजतोय तिथे समजायचं.

तर घ्यायच्या आधी विकणाऱ्याकडून व्हिडिओ मागा, बोर्ड चालू करण्यापासून, कट न करता. मॉर्टल कॉम्बॅट लावायला सांगा आणि घड्याळ शेजारी ठेवायला सांगा. बटण आणि स्क्रीन एका फ्रेममध्ये घेऊन सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा, त्यात एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, बटण दाबल्यावर पात्र हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजता येतं, आमच्या बोर्डावर या उशिरामुळे फायटिंग गेम खेळणारी पोरं एका राउंडमध्ये कंटाळून उठली. गेम्सच्या आकड्यावर जाऊ नका, एकाच किंग ऑफ फायटर्स ९७ चे हॅक केलेले प्रकार, प्रत्येक देशाचं व्हर्जन, सगळं वेगवेगळं मोजतात, आमच्या यादीतून डुप्लिकेट काढले तर निम्मेही राहिले नाहीत. आणि टेकन थ्री दिसला की खूश होऊ नका, तो बहुतेकदा आर्केडचा नसतोच, प्लेस्टेशनची आवृत्ती असते आणि मेमरी कार्डचा स्क्रीन मध्येच येतो.

घरीच खेळायचं असेल तर हे बोर्ड घेऊच नका असं माझं मत आहे, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर किंवा जुन्या पीसीवर मेम स्वतः टाका, फुकट आहे, नवीन व्हर्जन आलं की अपडेट होतो, मॉर्टल कॉम्बॅट बरोबर वेगात चालतो. या बोर्डांमध्ये जे व्हर्जन गोठवलंय ते कायमचं.

आमची तक्रार पेमेंटवाल्यांकडे चालू आहे, "एमुलेटर नाहीये" वाला चॅट आणि कार्डातल्या फाइल्सचे स्क्रीनशॉट जोडलेत. विकणारा आता म्हणतो बोर्ड पाठवा, नवीन व्हर्जन देतो. पाठवायची वेळ तुमच्यावर आली तर आधी कार्डाची पूर्ण इमेज काढून दोन ठिकाणी ठेवा, बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, मगच पाठवा, कारण कार्ड एकदा त्याच्या हातात गेलं की परत काय येईल याचा भरवसा नाही.